मुंबईच्या कोटाचे उरलेले दगड

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या अधिवेशनात जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे बारा किल्ले आपल्या यादीत घेतले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तामिळनाडूतला. या बातमीचा महाराष्ट्राला आनंद झाला तो रास्तच होता. या बारांत खांदेरी आहे. मुंबई बंदराच्या दक्षिणेस समुद्रात उभे असलेले हे लहानसे बेट शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तटबंद केले आणि पुढे आंग्र्यांनी ते राखले. खांदेरीला जगाने मान दिला. परंतु खांदेरीच्या आणि आंग्र्यांच्या धास्तीने ज्या शहराने स्वतःभोवती दगडी तट घातला, त्या मुंबईच्या तटाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या आनंदाच्या भरात फारसा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

रायगड किंवा राजगड पाहावयास मनुष्य डोंगर चढतो. मुंबईचा तट पाहण्यासाठी कोठे चढावे लागत नाही. बोरीबंदरास उतरून पूर्वेकडे पाच-दहा मिनिटे चालले की सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात काळ्या पाषाणाची एक जाड भिंत दिसते. हा फोर्ट जॉर्जचा उरलेला तुकडा. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे कार्यालयही याच अवशेषाच्या आश्रयाला आहे. दुसरा मोठा अवशेष नौदलाच्या हद्दीत, जुन्या टाऊन हॉलच्या मागे आहे. तेथे मुंबईच्या मूळ गढीचा, म्हणजे ‘बॉम्बे कॅसल’चा दरवाजा शिल्लक असून त्यावर दोन पोर्तुगीज शिपायांच्या दगडी आकृती आहेत, आणि आतल्या आवारात जुने सूर्यघड्याळ आहे. याखेरीज बेटाच्या कडेकडेने शीव, शिवडी, माहीम, वरळी आणि धारावी येथे चौकीवजा किल्ले उभे आहेत. खुद्द शहराला वेढणाऱ्या तटाचे म्हणून जे काही डोळ्यांनी पाहता येते, ते जवळजवळ एवढेच.

रोज लाखो माणसे या दगडांच्या आसपास गाडीतून उतरतात आणि कचेऱ्या गाठतात. त्यांतील फार थोड्यांना हे ठाऊक असेल की, आपण ज्या भागाला सवयीने ‘फोर्ट’ म्हणतो आणि आपले आजोबा-पणजोबा ज्याला ‘कोट’ म्हणत, तेथे खरोखरच एक कोट होता. त्याला बुरूज होते, खंदक होता, आणि संध्याकाळ झाली की बंद होणारे तीन दरवाजे होते.

धास्तीतून उभा राहिलेला तट

मुंबई बेट पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला आंदणात दिले हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. १६६१ च्या विवाह-करारात ते दिले गेले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आले आणि १६६८ मध्ये राजाने ते वार्षिक दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केले. कंपनीला तेथे मिळाला तो एक जुना पोर्तुगीज वाडा. ज्याच्या वनौषधींवरील ग्रंथाची छपाई १५६३ साली गोव्यात झाली, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे एके काळी मुंबई बेटाचा खंड होता, आणि हा वाडा त्याचाच मानला जातो. या वाड्याभोवती भिंत आणि बुरूज घालून इंग्रजांनी आपली गढी केली. वस्ती मात्र उघडीच राहिली.

या उघडेपणाची किंमत १६८९ मध्ये कळली. जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने त्या वर्षी बेटावर उतरून शिवडी, माझगाव आणि माहीम घेतले व इंग्रजांना गढीत कोंडले. मोगल दरबाराची मनधरणी केल्यावर १६९० मध्ये हा वेढा उठला. पुढे कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार प्रबळ झाले. १७१५ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बून याने गावाभोवतीचा तट पुरा करण्याचे काम नेटाने हाती घेतले. याच बूनने विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर मोहिमा काढल्या व दोन्हीकडून तो हात हालवीत परतला. मराठ्यांचे जलदुर्ग घेता येईनात, तेव्हा आपले घर तरी भक्कम असावे, असा तो हिशेब होता.

तट पुरा झाला तेव्हा आतला गाव म्हणजे जेमतेम एक मैल लांब आणि पाव मैल रुंद अशी एक पट्टी होती. पूर्वेला समुद्र आणि गोदी. उरलेल्या तीन अंगांना भिंत. उत्तरेस बाजार दरवाजा, पश्चिमेस चर्चगेट आणि दक्षिणेस अपोलो दरवाजा. १७१८ च्या नाताळात उघडलेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा रस्ता ज्या वेशीतून येई, ती चर्चगेट. हाच रस्ता आतल्या गावाची वाटणीही करीत असे. त्याच्या दक्षिणेस मुख्यतः गोऱ्यांची वस्ती, उत्तरेस पारशी, गुजराती आणि बोहरी व्यापाऱ्यांची घरे व पेढ्या. कष्टकरी, कोळी, भंडारी आणि इतर मराठी माणसे बहुतांशी तटाबाहेर, नारळीच्या वाड्यांतून राहत. तट सर्वांच्या रक्षणासाठी आहे असे म्हटले जात असले, तरी रात्री दरवाजे लागल्यावर कोण आत आणि कोण बाहेर हे आधीच ठरलेले असे.

खंदकाची वर्गणी

तट उभा राहिला, पण त्याच्यापुढे खंदक नव्हता. तो खणला गेला तो वसईच्या पाडावानंतर. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि साष्टीपासून वसईपर्यंतचा मुलूख मराठ्यांच्या हाती आला. माहीमच्या खाडीपलीकडे आता पोर्तुगीज नव्हते, पेशव्यांची ठाणी होती. मुंबईच्या कौन्सिलात त्या दिवसांत केवढी घबराट उडाली होती, हे तिने उचललेल्या पावलांवरूनच दिसते. एकीकडे कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजी अप्पांशी तह करण्यासाठी आणि कॅप्टन गॉर्डन याला साताऱ्यास शाहू महाराजांकडे पाठविण्यात आले. दुसरीकडे तटाभोवती खंदक खणावयाचे ठरले आणि त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. काम १७४३ पर्यंत चालले.

ही वर्गणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईचा तट कंपनीने बांधला असे आपण सहज म्हणतो. हुकूम कंपनीचा होता हे खरे. पण पैसा पुष्कळसा येथल्या व्यापाऱ्यांचा आणि कष्ट येथल्या मजुरांचे होते. विलायतेतील भागधारकांना मुंबईच्या भिंतीवर खर्च करणे नेहमीच जड जात असे. तेव्हा या दगडांवर परकी सत्तेची मोहोर असली, तरी ते दगड घडविले, वाहिले आणि एकावर एक रचले ते या मातीतल्या हातांनी.

खंदकाबरोबर आणखी एक गोष्ट झाली, आणि तिचे परिणाम आजही मुंबईकर भोगतो, बहुधा आनंदाने. तोफांना समोरचा मारा मोकळा मिळावा म्हणून तटाबाहेरची घरे आणि नारळीची झाडे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. शहराला जिचे नाव, त्या मुंबादेवीचे देऊळही या मोकळ्या पट्ट्याच्या आड आले आणि अठराव्या शतकात त्याला जुनी जागा सोडावी लागली. आज ते भुलेश्वर भागात आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात मोठी आग लागली. त्यानंतर आतली दाटी कमी करण्याचे प्रयत्न झाले आणि मोकळ्या मैदानापलीकडे, पायधुणी, काळबादेवी, गिरगाव या बाजूंनी नवे गाव वाढत गेले. एका बाजूला कोट, दुसऱ्या बाजूला बाहेरचे गाव आणि मध्ये तोफेच्या माऱ्याचे रान, अशी मुंबईची ठेवण झाली.

तट पडला, शहर उभे राहिले

ज्या शत्रूसाठी हा सारा खटाटोप केला, तो शत्रू या तटावर कधीच चालून आला नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तटाचे प्रयोजनच संपले. पुढची चाळीस वर्षे तो केवळ अडथळा म्हणून उभा होता. दरवाजे अरुंद, त्यांतून बैलगाड्यांची आणि घोडागाड्यांची कोंडी. खंदकात साचलेल्या पाण्याची दुर्गंधी. आत हवा नाही आणि घरांना जागा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी सुटली तेव्हा तोफांचा काळ सरून वाफेचा काळ आला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस अडला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रियर याने तट पाडण्याचा निर्णय अंमलात आणला आणि थोड्याच वर्षांत दीडशे वर्षांची भिंत जमीनदोस्त झाली. फोर्ट जॉर्जही त्याच लाटेत गेला. माझगावचा किल्लाही आता उरलेला नाही. त्याच्या टेकडीवर आज लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग आहे.

एक योगायोग असा की, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुना कोट मोडत होता, त्याच सुमारास एका मराठी शिक्षकाने शहराचे रूप कागदावर उतरवून ठेवले. शहराला जेव्हा आपले जुने अंग टाकावयाचे असते, तेव्हा कोणी तरी त्याची नोंद करून ठेवावी लागते, हे त्या गृहस्थांना कळले होते.

तट पाडला ही चूक झाली, असे म्हणण्याचे कारण नाही. फ्रियरचा निर्णय योग्य होता. व्हिएन्नामध्ये १८५७ पासून हेच घडत होते आणि तिकडेही पडलेल्या तटाच्या जागी भव्य राजमार्ग झाला. मुंबईत तटाची आणि त्यापुढच्या मैदानाची जागा मोकळी झाली नसती, तर विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि जुने सचिवालय ही इमारतींची रांग उभी राहिलीच नसती. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. तो मान ज्या जागेमुळे शक्य झाला, ती जागा तटाने दीडशे वर्षे अडवून मोकळी ठेवली होती. मुंबईचा एक वारसा असा दुसऱ्या वारशाच्या पडण्यातून जन्मला आहे.

तेव्हा प्रश्न तट पाडल्याचा नाही. तट पाडल्यावर तो कोठे होता, कसा होता आणि कशासाठी होता, याची खूण शहराने आपल्या स्मरणात ठेवली की नाही, हा प्रश्न आहे.

दगड गेले, नावे राहिली

खुणा आहेत, पण त्या दगडांपेक्षा शब्दांत अधिक आहेत. चर्चगेट नावाची वेस गेली, परंतु ते नाव रेल्वेच्या स्थानकाने उचलले. पश्चिम रेल्वेचा लाखो प्रवाशांचा शेवटचा थांबा एका नाहीशा झालेल्या दरवाजाच्या नावाने ओळखला जातो, आणि तेथे दरवाजा कोणता असा प्रश्न कोणाला पडत नाही. महापालिकेसमोरच्या फौजदारी न्यायालयाला मराठी माणूस आजही ‘किल्ला कोर्ट’ म्हणतो. काळा घोड्याजवळच्या ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्याच्या जुन्या नावात तटच होता. बाजारगेट हे नाव बोरीबंदरच्या दक्षिणेस अजून जिवंत आहे.

पश्चिमेची वेस होती तेथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. त्याच परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि त्या जागेला पुढे हुतात्मा चौक हे नाव मिळाले. ज्या ठिकाणी कंपनीचे पहारेकरी संध्याकाळी दरवाजा लावून घेत, त्याच ठिकाणी मुंबई कोणाची या प्रश्नाचा निकाल मराठी माणसाने आपल्या रक्ताने लावला. हे केवळ नकाशावरचे साम्य नव्हे. वेशीवर जे घडते ते शहराच्या हक्काविषयी असते, म्हणून वेशीची जागा इतिहासात पुन्हा पुन्हा वर येते.

तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या केलेल्या रानाचेही तसेच. त्याचे तुकडे म्हणजे आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदाने. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी याच मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. आज त्यातल्या आझाद मैदानावर शिक्षक वेतनश्रेणीसाठी धरणे धरून बसतात, कारकून निवृत्तिवेतनासाठी मोर्चे आणतात आणि शेजारच्या खेळपट्टीवर शाळकरी मुले क्रिकेट खेळत असतात. समोरून येणारा शत्रू दिसावा म्हणून राखलेल्या जागेत आता आपले गाऱ्हाणे सरकारला दिसावे म्हणून लोक जमतात. या जागेचा उगम ज्याला ठाऊक आहे, त्याला तिच्यावरचे कोणतेही आक्रमण, मग ते मंडपाचे असो की वाहनतळाचे, किरकोळ वाटणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. महाराष्ट्रात शिवकालीन गडांचे बुरूज ढासळत असताना, पाण्याची टाकी बुजत असताना, कंपनी सरकारने बांधलेल्या भिंतीच्या तुकड्यांसाठी गळा काढण्याचे कारण काय? पारतंत्र्याची ही खूण जपावयाची तरी कशाला?

हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. आपल्या गडांकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, हे खरेच आहे. परंतु एका वारशाकडे झालेले दुर्लक्ष हे दुसऱ्याकडे दुर्लक्ष करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय आक्षेपाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. मुंबईचा तट हा इंग्रजांच्या पराक्रमाचे स्मारक नाही, त्यांच्या भीतीचे आहे. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या सत्तेचे बळ लिहिलेले आहे. गढीचे बुरूज वाढले त्यामागे सिद्दी आणि मोगल होते, गावाचा तट पुरा झाला त्यामागे कान्होजी आंग्रे होते आणि खंदक खणला गेला तो चिमाजी अप्पांच्या विजयामुळे. विजेते आपल्या विजयाविषयी जे लिहून ठेवतात, त्यात अतिशयोक्ती असू शकते. भ्यालेल्या माणसाने घराला घातलेली कडी मात्र खोटे बोलत नाही. वसईच्या विजयाचा पुरावा वसईत तर आहेच. पण त्या विजयाचे वजन केवढे होते, हे मुंबईच्या खंदकाने सांगितले आहे.

कॅसलच्या बाबतीत काळाने स्वतःच एक न्याय केला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या धास्तीने ज्या गढीवर रात्रंदिवस पहारे ठेवले जात, तीच गढी आज भारतीय नौदलाच्या ज्या तळाच्या हद्दीत आहे, त्याला १९५१ मध्ये ‘आय. एन. एस. आंग्रे’ असे नाव देण्यात आले. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी दरवाजा बांधला, त्याचेच नाव शेवटी आत नांदू लागले. ही गोष्ट शाळेतल्या मुलाला तो दरवाजा दाखवून सांगितली, तर धड्यातील दहा ओळींचे काम होईल. दरवाजाच नसेल, तर ती केवळ ऐकीव गोष्ट होऊन राहील.

आणि पारतंत्र्याच्या खुणेचे म्हणाल, तर खूण पुसल्याने पारतंत्र्य पुसले जात नाही. पुसले जाते ते त्याचे भान. चर्चगेटच्या रस्त्याने कोटाची वाटणी कशी केली होती, तटाबाहेर कोण राहत होते, देवीचे देऊळ का हलले, हे प्रश्न भिंतीचा तुकडा समोर असल्यावर विचारता येतात. गैरसोयीचे प्रश्न उभे करणारा वारसा हा सोयीच्या वारशापेक्षा अधिक उपयोगी असतो.

काय करता येईल

कायद्याच्या बाजूने पाहिले तर मुंबई मागासलेली नाही. प्राचीन स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली, तेव्हा तसे करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर होते. परंतु कायदा उभ्या असलेल्या वास्तूचे रक्षण करतो. मुंबईच्या तटाचा मोठा भाग उभा नाही. त्याचे पाये, खंदकाचे काठ आणि बुरुजांची बैठक काही शिल्लक असेल तर ती रस्त्यांच्या आणि इमारतींच्या खाली आहे. आणि नेमक्या याच जमिनीखाली आज सर्वाधिक खोदकाम होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या भुयारी मेट्रोची स्थानके हुतात्मा चौकात आणि बोरीबंदरला, म्हणजे दोन जुन्या वेशींच्या परिसरात आहेत. जलवाहिन्या, तारा, गटारे यांसाठी तर रस्ते दर वर्षी उकरले जातात. पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनींच्या विकासाचे आराखडे आखले जात आहेत, आणि फोर्ट जॉर्जचा तुकडा त्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

म्हणून पहिली गरज आहे ती साध्या शिस्तीची. तटाची जुनी रेषा कंपनीच्या काळातील नकाशांवर स्पष्ट दाखविलेली आहे. ती आजच्या नकाशावर उतरवून, त्या पट्ट्यात कोणतेही खोल खोदकाम होताना पुरातत्त्व जाणणारा मनुष्य हजर राहील, दगड लागले तर त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली जातील, अशी अट परवानगीच्या कागदातच असली पाहिजे. याने काम अडत नाही. एक-दोन दिवसांच्या नोंदीने शहराला आपल्या इतिहासाचे एक पान मिळू शकते. अशी नोंद न होता उचललेला दगड मात्र राडारोड्यात गेला की तो कायमचाच गेला.

दुसरी गोष्ट, तटाची रेषा लोकांना पायाखाली दिसू द्यावी. बर्लिनमध्ये १९८९ नंतर पाडलेल्या भिंतीचा मार्ग शहराच्या मध्यभागी रस्त्यात बसविलेल्या दगडांच्या दुहेरी ओळीने दाखविला आहे. तेथील भिंतीचा इतिहास आपल्याहून वेगळा आणि अधिक कडू आहे. परंतु युक्ती घेण्यासारखी आहे, कारण ती स्वस्त आहे आणि तिला जागा लागत नाही. हुतात्मा चौकात, काळ्या घोड्याजवळ, बाजारगेटच्या तोंडाशी पदपथ नव्याने बसविताना काळ्या पाषाणाची एक ओळ आणि तिच्याजवळ मराठीत चार वाक्यांचा फलक, इतके झाले तरी रोजचा रस्ता धड्यासारखा वाचता येईल.

तिसरी गोष्ट पाहणाऱ्यांच्या वाटेची आहे. रुग्णालयाच्या आवारात गर्दी होणे बरे नव्हे आणि नौदलाच्या हद्दीत सुरक्षिततेचे बंधन असणारच. दोन्ही गोष्टी मान्य करूनही, वर्षातून काही ठरावीक दिवशी, आगाऊ नावे घेऊन, शाळा-महाविद्यालयांच्या लहान तुकड्यांना हे अवशेष दाखविणे अशक्य नाही. मुंबईतील शाळांच्या सहली दूरच्या बागांना आणि करमणुकीच्या नगरींना जातात. त्यांतली एक सहल शीवच्या टेकडीवर, शिवडीच्या किल्ल्यात किंवा १७३७ चा शिलालेख मिरविणाऱ्या धारावीच्या काळ्या किल्ल्यापाशी गेली, तर विद्यार्थ्यांना आपले शहर बेटांचे होते आणि त्या बेटांना कडा होत्या, हे प्रत्यक्ष कळेल.

माहीमच्या किल्ल्याचे उदाहरण येथे बोलके आहे. कित्येक दशके त्या किल्ल्याच्या आत दाट वस्ती होती. अलीकडच्या वर्षांत तेथील कुटुंबांना अन्यत्र घरे देऊन किल्ला मोकळा करण्यात आला. माणसांना निवारा देऊनच वास्तू मोकळी होऊ शकते, हा त्यातला बोध. राहत्या माणसाला शत्रू मानून वारसा वाचत नाही, आणि वारसा वाऱ्यावर सोडून माणसाचेही भले होत नाही. आता मोकळ्या झालेल्या भिंती समुद्राच्या माऱ्याने ढासळण्याआधी त्यांची नीट दुरुस्ती होणे हे पुढचे काम आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला फार मोठा निधी लागत नाही. लागते ती आस्था, आणि शहर हे केवळ जागेच्या चौरस फुटांवर मोजावयाचे नसते ही जाणीव. मुंबईत आजही दर दिवशी काही ना काही पाडले जाते. गिरण्या गेल्या, चाळी जात आहेत. जे पडते त्यातले पुष्कळसे पडणे अटळ असेल, काही इष्टही असेल, जसा १८६२ नंतर तट पडणे इष्ट होते. परंतु काय ठेवावयाचे आणि काय जाऊ द्यावयाचे, हा विवेक पूर्वी काय पाडले आणि त्यातून काय उभे राहिले हे ठाऊक असल्याशिवाय येत नाही. सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या भिंतीचा तुकडा तो विवेक शिकविण्यापुरता अजून शाबूत आहे. त्याला शेंदूर लावून पूजावे अशी कोणाची मागणी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोण आहे एवढे सांगावे, आणि पुढच्या पिढीला तो विचारता यावा म्हणून जागेवर राहू द्यावा, इतकेच शहराकडून अपेक्षित आहे.